न तोललेली टोपली

सरांच्या स्कूटरवर मागे बसणं हे माझ्या नोकरीतलं सर्वांत धोक्याचं काम होतं, आणि माझी नोकरी लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या तपासण्याची होती. बनशंकरीकडून खाली येताना उतार लागला की सर इंजिन बंद करायचे. स्कूटर गुपचूप वेग घ्यायची, समोरून बस यायची, आणि नेमके तेव्हाच सर मान मागे वळवून मला सांगायचे की उतार देवानं फुकट दिलाय, त्यावर पेट्रोल जाळणारा माणूस शुद्ध वेडा. मी डोळे मिटून मागची स्टेपनी घट्ट धरायची. सिग्नलला तर दिवा लाल होण्याच्या आधीच, नुसत्या अंदाजावर, ते इंजिन बंद करत. मागचे रिक्षावाले कन्नडमधून त्यांच्या घराण्याचा उद्धार करायचे. सर त्यांना हात जोडायचे आणि स्कूटर ढकलत कडेला न्यायचे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याहून इंजिनिअर होऊन बंगळूरला आले होते आणि बसवनगुडीत, स्टीलच्या भांड्यांच्या एका दुकानावरच्या सरकारी ऑफिसात लागले होते. ऑफिसचं नाव इतकं लांबलचक होतं की ते आम्हालाही एका दमात म्हणता येत नसे. काम मात्र सांगायला सोपं होतं. फाउंड्री, सिमेंट, पोलाद असल्या आगीवर चालणाऱ्या उद्योगांनी कमी जाळून तेवढाच माल काढावा, यासाठी नवी यंत्रं शोधायची, ती एखाद्या कारखान्यात चालवून बघायची, आणि खरोखर चालली तर सरकारनं तिथे पैसा घालावा अशी शिफारस करायची. सर त्या ऑफिसचे प्रमुख होते. ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता, त्याला क्रोशाचं टोपडं घातलेलं असे, आणि ते काढायचा अधिकार फक्त सरांना होता. विजेचं बिल बघून ते क्वचितच काढायचे.

सरांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं. त्यांचं मराठी ऐकताना मला पहिले काही महिने मधूनमधून खड्डे लागायचे. 'सरी' म्हणजे ठीक आणि 'स्वल्प' म्हणजे थोडं, या दोन कन्नड शब्दांवाचून त्यांचं वाक्य पुरं होत नसे. पन्नाशी उलटलेला हा माणूस मला, तेविशीच्या पोरीला, 'अक्का' म्हणायचा. मी एकदा धीर करून म्हटलं की सर, नावानं हाक मारा. त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले की नावानं हाक मारली तर रागावता येतं, अक्का म्हटलं की राग अर्धा होतो. मग उरलेल्या अर्ध्या रागात त्यांनी माझा अहवाल परत केला.

अहवालात 'लक्षणीय' हा शब्द दिसला की सरांचं डोकं फिरायचं. लक्षणीय बचत, समाधानकारक प्रगती, उत्साहवर्धक परिणाम, या सगळ्यांवर त्यांची लाल पेन्सिल फिरायची. दिल्लीहून येणारे कागद असल्या शब्दांनी गच्च भरलेले असत. सर तेही लाल करून परत पाठवायचे, आणि म्हणूनच त्यांची बढती कुठल्या तरी टेबलावर कायमची झोपली होती. त्याचं त्यांना काही वाटत नसे. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मात्र वाटायचं.

त्यांचा खरा छंद उकिरड्याचा होता. कारखान्यात गेलं की मालक त्यांना हार घेऊन ऑफिसात बोलवायचा आणि सर इमारतीच्या मागे निघून जायचे. काय टाकलंय, काय उरलंय, किती उरलंय, ते आधी बघणार. आत काय जातं ते लोक आपल्याला हवं तसं सांगतात, पण उरलेलं कोणी सजवून ठेवत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका लग्नात ते जेवणावळीच्या मागे जाऊन उष्ट्या केळीच्या पानांपाशी उभे राहिले होते आणि व्याह्यांना वाटलं की या माणसाला जेवायला बसवायचं राहिलं. घरी ते गॅसचा सिलिंडर रोज सकाळी काट्याला टांगून वजन करायचे. काकू मला म्हणाल्या होत्या, "लग्नात मलाच टांगलं नाही एवढं नशीब." सर शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलवली, जणू ही सूचना तेव्हा कोणी केली असती तर विचार करता आला असता.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण त्या वर्षांतलं आमचं काम हसण्यासारखं नव्हतं. फाउंड्र्यांना नोटिसा जायला लागल्या होत्या. धूर कमी करा, नाहीतर भट्टी बंद करा. त्यावर दिल्लीत दोन मतं होती. एक मत असं की चिमणीवर फिल्टर बसवा, सरकार अर्धा खर्च देईल, धूर दिसेनासा होईल, सगळे सुखी. दुसरं मत सरांचं होतं, आणि त्या मताला सरांखेरीज फारसं कोणी नव्हतं. त्यांचं म्हणणं, फिल्टर काजळी धरतो. पण भट्टीतला कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, जळला की जो न दिसणारा वायू निघतो, जो पुढे सगळ्या जगाला तापवणार आहे असं तेव्हा नुकतं बोललं जाऊ लागलं होतं, तो त्या फिल्टरमधून मजेत निघून जातो. शिवाय फिल्टरच्या पंख्याला वीज लागते. इन्स्पेक्टरची जीप वळणावर दिसली की पंखा सुरू, जीप गेली की बंद. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

"जे जळलंच नाही, त्याचा धूर कुठला?" हे त्यांचं एकच पालुपद. म्हणून भट्टीच बदलायची. त्यांनी एका भट्टीचा नकाशा केला होता, ज्यात हवा एकाऐवजी दोन पातळ्यांवरून आत सोडायची. त्यानं आच वाढते आणि कोक कमी लागतो. दिल्लीच्या समितीनं बऱ्याच ओढाताणीनंतर मान्य केलं की एका फाउंड्रीत ही भट्टी चालवून दाखवा. जुन्या भट्टीपेक्षा कोकमध्ये चौथाई बचत झाली, तर फिल्टरचा पैसा नव्या भट्ट्यांकडे वळवू आणि हा नकाशा देशभर फुकट वाटू. चौथाईच्या खाली राहिलात, तर फिल्टर.

आता ही भट्टी बांधायला कोण तयार होणार? बंगळूरजवळच्या आनेकलचे अण्णा झाले. ते मराठीच, एकेकाळी कापडाचा व्यापार करणाऱ्या घरातले. त्यांच्या वडिलांनी दुकान विकून फाउंड्री काढली होती. पंपांचे सांगाडे आणि गटाराची झाकणं ओतायचे. अण्णांना नोटीस आली होती आणि फिल्टरचा अर्ज त्यांनी भरूनही ठेवला होता. सरांनी त्यांच्याशी एक अख्खी दुपार घालवली. त्या दुपारनंतर अण्णांनी वडिलांची जुनी भट्टी पाडली आणि तिच्याच पायावर सरांची नवी भट्टी उभी केली. ही चाचणी फसली असती तर अण्णांकडे ना जुनी भट्टी उरली असती, ना नवी भट्टी चालवण्याची परवानगी, ना फिल्टर. फाउंड्रीला कुलूप लागलं असतं. हे अण्णांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि साचे भरणाऱ्या प्रत्येक माणसाला माहीत होतं.

भट्टीचा मेस्त्री मुनियप्पा. वर, भट्टीच्या तोंडाशी एक लोखंडी माळा होता, तिथून लोखंड आणि कोक आत टाकायचा. मुनियप्पाचं उभं आयुष्य त्या माळ्यावर गेलं होतं. तो फक्त कन्नड बोलायचा, तेही गरज पडली तरच. तरुणपणी त्यानं दुसऱ्या एका कारखान्यात भट्टी गोठताना पाहिली होती. आच कमी पडली की आतलं वितळलेलं लोखंड थिजून दगड होतं आणि मग भट्टी घणांनी फोडून काढावी लागते. त्या कारखान्याचा मालक त्यात संपला. मुनियप्पा ती गोष्ट कधी सांगायचा नाही, अण्णांनी आम्हाला सांगितली.

चाचणीचा आठवडा छान गेला. मी खाली काट्यापाशी उभी राहून कोकची प्रत्येक टोपली तोलून वर पाठवत होते. शेवटी हिशेब केला तर बचत जवळजवळ एक तृतीयांश निघाली. मागायला गेलो होतो चौथाई आणि मिळालं त्याहून जास्त. अण्णांनी म्हैसूरपाक मागवला. मला नाचावंसं वाटत होतं. दिल्लीची समिती दुसऱ्याच दिवशी बसवनगुडीला येणार होती, इतकी वेळ जुळून आली होती.

सर म्हैसूरपाकाच्या ताटापाशी नव्हते. ते आवारात कोकच्या ढिगाभोवती फिरत होते. आठवड्याच्या सुरुवातीला त्यांनी त्या ढिगाभोवती सुतळी धरून माप घेतलं होतं आणि मी मनातल्या मनात हसले होते. आता ते परत सुतळी धरत होते. मग छत्री ढिगात खुपसून त्यांनी उंची बघितली. मी जवळ गेले तर म्हणाले की अक्का, तू वर पाठवलास त्यापेक्षा हा ढीग जास्त उतरलाय.

मी म्हणाले की पोरं चुलीला नेत असतील, वाटेत सांडत असेल. सर शिडीनं माळ्यावर चढले, त्यांच्यामागे मी, आणि हाताला म्हैसूरपाक चिकटलेले अण्णा. माळ्याच्या कोपऱ्यात बाकीच्या टोपल्यांपासून वेगळी एक टोपली होती. तिला हळदकुंकू लावलेलं होतं आणि कडेला शेवंतीचं फूल खोचलेलं होतं. आत कोक होता.

सरांनी मुनियप्पाला विचारलं की हे काय. तो सहज म्हणाला, "अम्माचं."

मग हळूहळू सगळं कळलं. भट्टी पेटवताना पहिली टोपली अम्माला, म्हणजे भट्टीतल्या देवीला, हा इथला जुना रिवाज. अण्णांना तो लहानपणापासून माहीत होता. पण नवी भट्टी मुनियप्पाला अनोळखी होती. तिला एवढासाच कोक द्यायचा म्हणजे ती उपाशी राहणार आणि गोठणार, अशी त्याला धास्ती. म्हणून वितळलेल्या लोखंडाचा रस जरा मंद वाटला की तो अम्माची आणखी एक टोपली टाकायचा. किती वेळा टाकली, ते त्यानं मोजलं नव्हतं. काट्यावर का नेली नाही, असं सरांनी विचारलं तेव्हा त्याला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. देवाचं कोणी तोलतं का, असं त्यानं उलट विचारलं. खरं सांगायचं तर अण्णांनाही त्या क्षणापर्यंत वाटलं नव्हतं की अम्माचा कोक हाही कोकच असतो.

आम्ही खाली अण्णांच्या खोलीत आलो. सरांनी ढिगावरून अंदाज बांधून पाहिला. बचत चौथाईच्या थोडी वरही असू शकत होती, थोडी खालीही. नक्की सांगता येणं शक्य नव्हतं. सर म्हणाले की उद्या समितीला हे सांगावं लागेल.

अण्णांनी दार लावून घेतलं. "सर, तुमच्या शब्दावर मी बापाची भट्टी पाडली. तुमीच सांगितलं, अल्वा?"

"हो. मीच सांगितलं."

"मग आता स्वल्प गप्प बसा. तेवढंच मागतो मी. दुसरं काही बेडा, काही नको."

मी सरांकडे बघत होते आणि मनातून अण्णांच्या बाजूची होते. मग ते म्हणाले, "अण्णा, हा नकाशा गावोगाव जाणार. तिथले मालक माझा कागद बघून आपापल्या बापाच्या भट्ट्या पाडणार, तुम्ही पाडलीत तशा. त्यांना मी काय सांगू?"

अण्णांनी दुसरी वाट सुचवली. समितीला परत चाचणी करून दाखवू, पण मुनियप्पाला त्या दिवशी रजा देऊ आणि वर दुसरा माणूस ठेवू. मला तर हा तोडगा लाख मोलाचा वाटला. सरांनी नकार दिला. गावोगावच्या भट्ट्यांवर कोण असणार आहे, असं त्यांनी विचारलं. मुनियप्पाच असणार, नाव काहीही असो. त्याला घरी बसवून जी बचत होते ती फक्त कागदावर राहते.

आनेकलहून परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी भांडले. म्हणाले की सर, तुमचं खरेपण तुम्हाला लखलाभ, कुलूप अण्णांच्या फाउंड्रीला लागणार आहे. तुम्हाला काय, उद्या तुम्ही दुसऱ्या कारखान्याचा उकिरडा बघायला मोकळे. एवढं बोलून मी रडले. सर खिडकीबाहेर बघत राहिले. उतरताना म्हणाले की तू म्हणतेस ते बरोबर आहे, आणि एवढंच म्हणून निघून गेले. त्या माणसाशी धड भांडताही यायचं नाही, हा मला त्याचा सर्वांत मोठा दोष वाटायचा.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे सरांनी सगळं सांगितलं, हळदकुंकवासकट. समितीचे अध्यक्ष उंच, किडकिडीत, कोट घालणारे गृहस्थ होते. फिल्टरची योजना त्यांच्याच हातची होती आणि ती टाइप करून त्यांच्या बॅगेत तयार होती. ते हसले. हसण्यात वाईटपणा नव्हता, सुटल्याचा भाव होता. म्हणाले की मी एक दिवस जास्त थांबतो. माझ्यासमोर भट्टी चालवा. चौथाई आली तर तुमची योजना, नाही आली तर ही फाईल इथेच मिटवू.

त्या संध्याकाळी सर एकटे आनेकलला गेले. मुनियप्पाजवळ बसून त्यांनी त्याला सगळं समजावलं. चौथाई म्हणजे काय, कमी आली तर अण्णांचं काय होईल, वरच्या पातळीची हवा थोडी जास्त सोडली तर आच कशी वाढते, हेही. हे मला मागाहून अण्णांनी सांगितलं. बोलणं संपल्यावर सरांनी त्याला बजावलं की उद्या मी किंवा अण्णा तुला काहीही सांगणार नाही, रोज चालवतोस तशी चालव. मुनियप्पानं होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो उठून घरी गेला.

चाचणीची पद्धत सरांनी बदलली होती. आवारातला सगळा कोक बाजूला काढला आणि तोललेला तेवढाच कोक मध्ये ओतला. दिवसभर कोणी काय वर नेतं, ते कोणी बघायचं नाही. संध्याकाळी उरलेला तोलायचा, बस. अम्माची टोपली काट्यावर चढणार नव्हती, पण ती गेली तर उरलेल्यात कमी पडणारच होती. मुनियप्पानं हे ऐकून फक्त मान हलवली.

सकाळी भट्टी पेटली. मुनियप्पानं माळ्यावर कापूर लावला, फूल खोचलेली टोपली उचलली आणि आत रिकामी केली. अण्णांनी डोळे मिटून घेतले. ती एक टोपली धरूनही चौथाई येऊ शकत होती, पण दुसरी गेली तर कठीण होतं, हे सर परतल्यावर आम्ही रात्रभर हिशेब करून ठेवलं होतं. समितीचे लोक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ताडपत्रीखाली शहाळी पीत बसले होते. सकाळभर रस चांगला आला. साचे भरले, माणसं पळत होती, मला वाटायला लागलं की जमलं.

जेवणानंतर रस मंदावला. पिवळा होता तो लालसर झाला, आणि लेडलमध्ये, म्हणजे रस झेलायच्या मोठ्या पळीत, पडताना जाड वाटू लागला. लेडल धरणारी दोघं वर बघायला लागली. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. आता दोन्ही बाजूंनी मरण होतं. टोपली टाकली तर चौथाई जाणार, नाही टाकली आणि खरंच गोठली तर भट्टीच जाणार. माळ्याच्या कडेला मुनियप्पा आला. त्यानं डोळ्यांपुढे धरायच्या निळ्या काचेतून आत बघितलं, काच खिशात ठेवली आणि कोपऱ्यातली दुसरी टोपली उचलली. तिच्यातही फूल होतं.

अण्णा पुढे झाले. सरांनी त्यांचा दंड धरला. मी सरांच्या कानाशी म्हणाले की सर, सांगा त्याला काहीतरी, तुमचं तो ऐकेल.

"म्हणूनच नाही सांगणार," सर म्हणाले. "तो माझ्याकडे बघतोय, अक्का. माझं तोंड बघून ठरवेल."

आणि ते वळले. भट्टीकडे पाठ करून, भिंतीला टेकवून ठेवलेल्या फावड्यांकडे तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. समितीचे अध्यक्ष खुर्चीतून उठून बघायला लागले. त्यांना वाटलं असणार की हा माणूस कामातून गेला. मला क्षणभर तसंच वाटलं.

मुनियप्पा टोपली घेऊन उभा होता. त्यानं खाली सरांच्या पाठीकडे पाहिलं. मग अण्णांकडे. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. नुसता भट्टीच्या पंख्याचा आवाज येत होता आणि खाली लाल रस आणखी लाल होत होता. मुनियप्पानं टोपली भट्टीच्या तोंडावर धरली. मग ती मागे घेतली आणि माळ्यावर खाली ठेवली. शिडीनं तो सावकाश उतरला, हवेच्या नळांपाशी गेला आणि वरच्या पातळीचा व्हॉल्व्ह त्यानं थोडासा उघडला. हात काढला, थांबला, परत थोडा उघडला. मग परत माळ्यावर चढून टोपलीच्या शेजारी हात जोडून उभा राहिला.

भट्टी घरघरली. मला तो आवाज गोठण्याचाच वाटला. अण्णा मटकन विटांच्या चळतीवर बसले. लेडलवाले हलले नाहीत. थोड्या वेळानं धारेच्या कडेला पिवळी रेघ दिसली, मग ती रुंदावली, आणि रस इतका लख्ख आला की बघवेना. लेडलवाला ओरडला आणि साच्यांकडे पळापळ सुरू झाली.

सर वळले नाहीत. मला वाटलं आता वळतील. पण ओतकाम चालू होतं आणि मुनियप्पाला आणखी केव्हाही टोपली टाकावीशी वाटू शकत होती, म्हणून ते तसेच उभे राहिले. अध्यक्षांनी कोट काढला आणि ते साच्यांपाशी जाऊन उभे राहिले. दुपार कलली. मी सरांना पाणी नेऊन दिलं, तेही त्यांनी फावड्यांकडे बघतच प्यायलं. शेवटी भट्टीचा तळ उघडून आतलं सगळं खाली पाडलं आणि अण्णांनी पंखा बंद केला. उरलेला कोक माणसांनी काट्यावर चढवला. वजन अध्यक्षांनी स्वतः वाचलं, सिगारेटच्या पाकिटावर आकडेमोड केली, ती दोनदा तपासली, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. चौथाईच्या वर होतं, अगदी थोडं, पण वर होतं. आठवडाभराच्या कागदावर होतं त्यापेक्षा कितीतरी कमी, आणि खरं. अण्णा पंचा तोंडावर धरून रडत होते.

मी भिंतीपाशी धावले. म्हणाले, "सर, आली. चौथाईच्या वर आहे. वळा आता."

ते तसेच उभे. त्यांनी विचारलं की मेस्त्रीनं दुसरी टाकली का. मी म्हटलं नाही, फक्त सकाळची. तरी ते वळेनात. तेवढ्यात मुनियप्पा आला. "साकु, सर," म्हणाला, पुरे झालं, आणि सरांच्या दोन्ही खांद्यांना धरून त्यानंच त्यांना वळवलं.

सरांचं तोंड पार उतरलं होतं. त्यांनी मुनियप्पाचा हात हातात घेतला, तो सोडला नाही, आणि माझ्याशी बोलले.

"फार घाबरलो होतो, अक्का. त्यानं टाकली असती, तर मला ते लिहावं लागलं असतं."